भिंग कामात हाय

आप्पांच्या घरी मी भाड्याने राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात जिन्याच्या मधोमध, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, अशी बराच वेळ अडकून पडले होते. शाळेतून येत होते. खांद्याला पिशवी, हातात मेथीची जुडी. खालच्या खोलीतून एकदम आवाज आला, "कुनी हलू नका! हाय तितंच ऱ्हावा!" मला वाटलं, साप निघाला. आमच्या भागात साप निघाल्याशिवाय किंवा उसातून बिबट्या बाहेर आल्याशिवाय माणूस असा ओरडत नाही. स्वयंपाकघराच्या दारात मावशी, म्हणजे आप्पांची मंडळी, हातातलं लाटणं तसंच धरून उभ्या होत्या. मी नुसते ओठ हलवून विचारलं, साप का?

"न्हाई गं. त्येंचं उडालं कायतरी," त्या म्हणाल्या आणि कंटाळलेल्या तोंडाने भिंतीकडे बघत राहिल्या.

मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या आत जी हिरवी पट्टी असते, तिच्यावर काळेपांढरे बारीक तुकडे चिकटवलेले असतात. उडालं होतं ते त्यातलं एक. कारखान्यात हे तुकडे यंत्र बसवतं, बघता बघता ढीगभर. आमचे आप्पा ते हाताने बसवत. वितळवलेल्या धातूचा टाका घालायचं सोल्डरिंगचं साधं आयर्न, टोकदार चिमटा आणि डोक्याला पट्ट्याने बांधायचं भिंग, एवढ्या सामानावर. कशासाठी, असं मीही विचारलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वाटलं, दुरुस्तीचं दुकान टाकायचं असेल. तसलं काही नव्हतं. पुण्याहून कुरियरने कोऱ्या पट्ट्या मागवायच्या, त्यांवर मोठ्यापासून लहानापर्यंत तुकडे बसवत जायचे, प्रत्येकाशेजारचा दिवा लागतो का बघायचं, लागला की पट्टी डब्यात टाकायची. बस्स. नोकरीत होते तेव्हापासून हेच चाललेलं.

"यंत्र करतंय की सगळं, आप्पा," मी एकदा म्हणाले.

"करतंय ना. मग यंत्राला कुनी विचारतंय का, कशापायी करतंस म्हनून?"

मी जिना चढून वर गेले.

त्या तुकड्यांच्या मापांना इंग्रजी आकडे होते, पण घरात ते कोणी वापरत नसे. मावशींनी त्यांची बारशी केली होती. सगळ्यात मोठा तो तांदूळ. मग तीळ. मग राजगिरा. त्याखाली खसखस. आणि सगळ्यात बारीक, जो आप्पांना अजून जमला नव्हता, तो पिठी. "आज राजगिरा लागला का?" असं त्या भाकरी थापता थापता विचारत आणि आप्पा आतून "दोन लागलं, एक उडाला" असं उत्तर देत. नवीन माणसाला वाटावं, घरात उपासाची तयारी चाललीय.

उडालेलं शोधायचं काम मावशींचं. त्यात त्यांची एक रीतच ठरलेली होती. कोणी हलायचं नाही. मग त्या मऊ केरसुणीने टेबलाखालची जमीन कडेकडेने झाडून घेत, तो कचरा सुपात घेत आणि उजेडात, उंबऱ्यावर बसून पाखडत. फुंकर नाही, वारं नाही, नुसती मनगटाची हालचाल. धूळ पुढे सरके, केस-काड्या बाजूला होत आणि सुपाच्या मागच्या अंगाला तो कण उरे. उभा जन्म डाळ-तांदूळ निवडण्यात गेलेला. त्यांना भिंग लागत नसे. आप्पा बाजूला उकिडवे बसून बघत. मी त्या घरात नवरा-बायकोला इतकं जवळ बसलेलं फक्त त्या सुपाभोवतीच पाहिलं. सापडलं की मावशी बोट ओलं करून तो कण उचलत आणि आप्पांच्या तळहातावर ठेवत.

पण ते घर उदासच होतं. मी सजवून सांगत नाही. काम चालू असताना पंखा बंद, कारण वाऱ्याने तुकडा उडतो. चैत्र-वैशाखातसुद्धा बंद. टीव्हीचा आवाज बंद. कोणी आलं तर दारातच मावशी तोंडावर बोट ठेवत, त्यामुळे हळूहळू येणारे यायचे थांबले. तुकडा चिमट्यात धरून जागेवर नेईपर्यंत आप्पा श्वास रोखून धरत आणि टाका बसला की मोठ्याने म्हणत, "सोडा श्वास." जसं काही सगळ्या घराने धरलेला असतो. आणि खरं सांगायचं तर धरलेला असायचाच. वरच्या खोलीत पेपर तपासताना माझं मला कळायचं, की आपणही थांबलोय.

"मला बोलाया घरात कोन हाय?" मावशी एकदा म्हणाल्या. "म्हनून तर खोली दिली तुला. न्हाईतर वर कांदं साठवलं असतं."

आप्पांचा दुसरा त्रास म्हणजे त्यांचा खरेपणा. सोल्डर वरून चकचकीत दिसतं, पण आत धरलेलं नसतं, अशा टाक्याला दुरुस्तीवाले 'ड्राय' म्हणतात. आप्पा हा शब्द माणसांना लावत. पुढाऱ्याचं भाषण ड्राय. भावकीतला समझोता ड्राय. महाळुंग्याला एका साखरपुड्यात पंगतीत बसल्या बसल्या शेजाऱ्याला म्हणाले, "ह्ये ड्राय हाय," आणि ते मुलीच्या मामाने ऐकलं. पुढे ते लग्न मोडलं तेव्हा लोकांनी खापर आप्पांच्या बोलण्यावर फोडलं. त्यांना बोलावणी यायची कमी झाली. त्यांचा एक चुलतभाऊ दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. भेटायला गेलो तर तो म्हणाला, "आज जरा बरा दिसतोय न्हवं मी?" आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई." बरं, गोड बोलायचा प्रयत्न केला असता तरी उपयोग नव्हता. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचा खालचा ओठ हलायला लागे. मावशी सांगत, लग्नाला एवढी वर्षं झाली, भाजी चांगली झालीय असं हा माणूस एकदाही पटेल असं बोलू शकला नाही.

त्यांची एकुलती लेक नारायणगावात दिलेली. मी तिला ताई म्हणत असे. ताई माहेरी क्वचित येई आणि आली की आईपाशीच बसे. "बारावीच्या अभ्यासाला बसले की घामाने वह्या ओल्या व्हायच्या माझ्या," तिने मला सांगितलं होतं. "पंखा लावायचा नाही. का, तर आप्पांचा तीळ उडेल."

आप्पांनी मला एकदा तुकडा कसा बसतो ते दाखवलं होतं. दोन्ही टोकांना सारखी ऊब लागावी लागते. एका टोकाला आधी लागली, की तुकडा त्या बाजूने ओढला जातो आणि ताडकन उभा राहतो. "रुसल्यावानी," ते म्हणाले. "मग परत आडवा करनं लई अवघड." मला ताईची आठवण झाली. आप्पांना झाली असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

गावच्या यात्रेला ये, म्हणून मावशींनी ताईला फोन केला होता तेव्हा मी तिथेच होते. ताई पलीकडून म्हणाली, "तिथे येऊन काय करू? श्वास धरून बसू?" आणि फोन ठेवला. मावशींनी हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तो पदराने पुसून कोनाड्यात ठेवला. यात्रा झाली. ताई आली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी सकाळचा चहा पिऊन भिंतीला टेकल्या त्या तशाच गेल्या. कपबशी बाजूला नीट ठेवलेली होती.

आता जे सांगायचं ते नीट सांगायला हवं, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमच्याकडे बऱ्याच घरांत अजून एक पद्धत आहे. माणूस जिथे गेलं त्या जागी दिवा लावतात, शेजारी जमिनीवर पीठ पसरतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. राख सावडायला निघायच्या आधी सकाळी टोपली उचलून बघतात. पिठात पाखराचं, गाईचं, लेकराचं पाऊल उमटलेलं दिसलं तर गेलेला जीव सुखाने पुढे गेला, अशी समजूत. काहीच उमटलं नाही किंवा भलतंच उमटलं, तर जीव कुठेतरी अडकला. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या सकाळी त्या टोपलीभोवतीच्या बायकांमध्ये मीही होते.

ताई तर दोन दिवस एकच वाक्य बोलत होती. "रुसून गेली का गं आई?" मला विचारी, आत्याला विचारी, दारात आलेल्या कोणालाही विचारी. त्या फोननंतर तिचं आणि आईचं बोलणं झालं नव्हतं.

आत्याने, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीने, टोपली उचलली. पीठ सपाट होतं आणि एका कडेला बारीक खुणा होत्या. तीन-तीन रेघांच्या, एकापुढे एक. आत्याने हात जोडले. "चिमनी झाली गं माझी वैनी! बघा, पावलं बघा!" बायका रडायला लागल्या. ताई गुडघ्यांवर बसून त्या खुणांकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडावरचा ताण उतरताना मी पाहिला. तेवढ्यात तिचा नवरा, सरळ मनाचा माणूस, पण बोलून गेला, "आत्या, मुंगळं फिरल्यालं दिसत्यात."

आत्या चिडली. तो म्हणाला, मी आपलं दिसलं ते बोललो. ताईने दोघांकडे पाहिलं आणि मग दाराशी उभ्या असलेल्या आप्पांकडे वळली.

"आप्पा, तुमचं भिंग आना. तुमी बघा. तुमी सांगितल्यावर कुनी बोलायचं न्हाई."

चिमणी म्हणा, असं ती सांगत नव्हती. खरं काय ते सांगा, म्हणत होती. अख्ख्या गावात ज्याच्या तोंडून कधी गोड खोटं निघालं नाही, त्याने एकदा बघून 'चिमणी' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मग तिला कुणाचीच शंका उरली नसती.

आप्पा हलले नाहीत.

"आप्पा, ऐकताय ना? भिंग आना."

"भिंग कामात हाय," आप्पा म्हणाले.

ते वळले आणि आपल्या खोलीत गेले. पाठोपाठ बटणाचा आवाज आला आणि जरा वेळाने त्या सुतकी घरात तापलेल्या आयर्नचा वास पसरला. बायको जाऊन तीन दिवस झाले नव्हते, बाहेर लोक राख सावडायला निघायची वाट बघत उभे होते, आणि हा माणूस डोक्याला भिंग बांधून टेबलापाशी बसला होता. आत्याने कपाळावर हात मारला. बाहेर कोणीतरी शिवी हासडली. ताई उठली, त्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि शांत आवाजात म्हणाली, "जन्मभर नको ते बघत बसलात. आईचं एवढं बघितलं न्हाई."

आप्पांनी मान वर केली नाही.

तेरावा झाल्यावर ताई गेली. नंतर आली नाही, फोन केला नाही, दिवाळीला भाऊबंदांपैकी कोणाला तरी पाठवून आईच्या दोन साड्या नेल्या. गावात आप्पांशी बोलणारी माणसं आधीच मोजकी होती, तीही उरली नाहीत. माझाही राग होताच. भाडं द्यायला खाली जायचे, ठेवायचे आणि वर यायचे.

एका रविवारी दुपारी मात्र मला राहवलं नाही. आप्पा उंबऱ्यावर सूप घेऊन बसले होते. काहीतरी उडालं होतं आणि ते स्वतः पाखडून बघत होते. जमत नव्हतं. धूळ सगळी एकदम पुढे येत होती, सांडत होती, की परत गोळा करून सुपात. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "आप्पा, तेव्हा भिंग का दिलं नाहीत? एवढं काय काम होतं?"

"काम कसलं? हात लावला नव्हता कशाला. नुसतं आयर्न तापवलं व्हतं."

"मग?"

ते सुपाकडेच बघत म्हणाले, "टोपली उचलली तवाच दिसलं मला. दोन मुंगळं पिठातनं निघून भिंतीकडं गेलं. दारातनं दिसलं. मला भिंग लागतं व्हय तेवढ्याला?"

सुपातली धूळ पुन्हा उंबऱ्यावर सांडली.

"भिंग लावून बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं," आप्पा म्हणाले. "मुंगळं म्हनलं असतं, तर पोर काय घिऊन सासरी गेली असती? चिमनी म्हनायला गेलो असतो, तर माझं तोंड बघून तिला कळलं असतं. वळखती ती मला. मग दोन्हीकडनं गेली असती. न बघितलेलं बरं. बघितलंच न्हाई म्हनल्यावर आत्या म्हनती ती चिमनी तशीच ऱ्हाती."

"पण तिला वाटतं, तुम्हाला तिच्या आईचं काहीच नव्हतं."

"वाटनारच."

"मी सांगते तिला. मला जाऊ द्या नारायणगावला."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काय सांगशील? आप्पांनी का बघितलं न्हाई, ते सांगशील. मग मुंगळं आलंच की त्यात." आणि परत पाखडायला लागले. मी सूप त्यांच्या हातातून घेतलं. मलाही ते जमलं नाही. आम्ही दोघं ती धूळ इकडून तिकडे करत बसलो, मग त्यांनीच ती अंगणात टाकून दिली.

पिठी त्यांना अखेर जमली. मावशींच्या वर्षश्राद्धाच्या आधी कधीतरी. मी शाळेतून आले तर म्हणाले, "बघ जरा." पट्टीवर शेवटचा दिवा लागला होता, टाचणीच्या टोकाएवढा, हिरवा. त्यांनी तो मला दाखवला, बंद केला आणि पट्टी डब्यात टाकली. "सोडा श्वास" म्हणाले नाहीत. मी वर खोलीत जाऊन रडले, इतकं की शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना.

पुढे माझी बदली घोडेगावकडे झाली. आप्पांची खोली सुटली, पण मी अधूनमधून जात असते. आता ते बसवत काही नाहीत. हात स्थिर आहेत, डोळेही बरे आहेत, पण बसवत नाहीत. मी विचारलं नाही. ताईच्या ओळखीचं कोणी हे वाचेल की काय, ही भीती मला आहेच, म्हणून गाव आणि माणसं ओळखू येतील असं फारसं काही लिहिलेलं नाही, आणि दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. लिहिल्याशिवाय मात्र राहवेना. एका माणसाबद्दल सगळा गाव चुकीचं बोलतो आणि आपल्याला ठाऊक असून गप्प बसावं लागतं, हे मला झेपत नाही.

मागच्या टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या चौकात जीपची वाट बघत उभी होते, तर ताई भेटली. क्रेटनी भरलेल्या पिकअपच्या रांगा लागलेल्या, हॉर्नच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून तिने मला हाताला धरून एका दुकानाच्या पायरीवर नेलं. तब्येत भरली होती तिची. बरी दिसत होती. पोरांच्या शाळेचं बोलली, माझ्या बदलीचं विचारलं. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? हसू नका. आई येते माझ्याकडे."

मी हसले नाही.

"स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोज सकाळी. मी कण्या ठेवते वाटीत. बाकीच्या चिमण्या येतात नि उडून जातात, ही एक थांबते. मी बोलते तिच्याशी. त्या फोनचं सगळं बोलून झालं माझं." तिचे डोळे भरले होते, पण तोंड हसरं होतं. "आता झोप लागते मला. आत्यामुळे कळलं, नाहीतर मी वेडी झाले असते बघा. आप्पांना कुठलं कळायला हे? त्यांना त्यांची पट्टी दिसते फक्त."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर आलं होतं. तेवढ्यात जीपवाला "घोडेगाव, घोडेगाव" ओरडायला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसले.

पुढच्या रविवारी आप्पांकडे गेले. ते ओसरीत नुसतेच बसले होते. चहा मीच केला. ताई भेटली म्हणून सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. पोरं बरी आहेत, तीही बरी आहे, असं सांगितलं. मग खिडकीचं, वाटीतल्या कण्यांचं, थांबणाऱ्या त्या एका चिमणीचं सांगितलं. त्यांच्याबद्दल ती शेवटी जे बोलली तेवढं गाळलं.

आप्पांनी खाली ठेवलेली बशी जरा बाजूला सरकवली.

"रोज येती?" त्यांनी विचारलं.

"रोज येते म्हणाली."

"आन् झोप?"

"लागते म्हणाली आता."

त्यांनी मान हलवली. मग बशी उचलली आणि गार झालेला चहा सावकाश पिऊन टाकला.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला न्हाई बोलली तरी चालंल."

हे म्हणताना त्यांचा खालचा ओठ हलत होता.